मंगळवारी वाढणारा बीपी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत दैवशाला दिसण्याआधी ऐकू येते. गल्लीच्या तोंडाशी ती कुणाच्या तरी सुनेला विचारत असते, "काय करून राह्यली गं? पोराचा ताप उतरला का?" सून उत्तर देईपर्यंत ही पुढच्या दारात पोचलेली असते. खांद्याला निळी बॅग, तीत बीपीचं मशीन, कंबर मोजायची टेप आणि फॉर्मांचा गठ्ठा. वजनकाटा वेगळ्या पिशवीत, कारण बॅगेत तो मावत नाही.

वय त्रेचाळीस. माहेर धावड्याचं. नवरा राधेश्याम भोकरदनच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. लग्नात ती दहावी झालेली होती. बारावी तिने दोन मुली झाल्यावर केली, धाकटीला मांडीवर घेऊन. हंगामात मिरची मार्केटला मिरची निवडायला जायची. दिवसभर हातांची आग व्हायची आणि तोंड मात्र अखंड चालू असायचं. बाया म्हणायच्या, दैवशाला शेजारी असली की ढीग कधी संपला कळत नाही.

तिच्या सासऱ्यांना बावन्नाव्या वर्षी सकाळी सकाळी छातीत कळ आली. घरच्यांना वाटलं गॅस झाला. सोडा पाजला, पाठ चोळली, पुन्हा सोडा पाजला. राधेश्यामने शेजारच्याची गाडी मिळवेपर्यंत ते गेले. तो सोडा चोवीस वर्षांच्या दैवशालाने कालवला होता. हे ती कुणापासून लपवत नाही. नव्या घरात गेली की पहिल्यांदा हेच सांगते आणि मग बॅग उघडते.

ही बॅग तिच्याकडे आली तीन वर्षांपूर्वी. एका वैद्यकीय महाविद्यालयाने भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतल्या तीस गावांत अभ्यास सुरू केला. हृदयविकाराचा धोका कशाकशाने वाढतो हे तर डॉक्टरांना ठाऊकच आहे: बीपी, शुगर, तंबाखू, मीठ, पोटाचा घेर. गावातलीच एखादी बाई दर महिन्याला घरोघर गेली, मोजलं, समजावलं, गोळ्या चालू आहेत का पाहिलं, तर तो धोका खरोखर कमी होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पिंपळगाव आणि धावडा या दोन गावांसाठी दैवशालाची निवड झाली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, "लोकांशी बोलता येईल ना?" राधेश्याम ही गोष्ट अजून जीपमधल्या प्रवाशांना सांगतो.

पहिल्या वर्षी तिने आमच्या गल्लीत येऊन जे फॉर्म भरले, तसले संवाद मी पुन्हा ऐकलेले नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना तिने विचारलं, "मिश्री लावता का?"

"न्हाई बाई, कवाच सोडली. आता नुसते दात घासते."

"कशानं घासता?"

"मिश्रीनंच."

मिठाचं तर विचारूच नका. सगळं गाव चवीपुरतंच खातं. चार माणसांना महिन्याला तीन पुडे लागतात आणि लोणच्याचं वेगळं. मिरचीचे व्यापारी मच्छिंद्रभाऊ कंबर मोजायला उभे राहिले ते छाती फुगवून आणि पोट आत ओढून.

"भाऊ, श्वास सोडा."

"सोडलाय."

"मंग तोंड लाल कशानं होऊन राह्यलं?"

भाऊंनी श्वास सोडला आणि टेप चार इंच सरकली.

माझंही मोजलं. वरचा आकडा एकशे शेहेचाळीस. त्या दिवशी माझा मुलगा कल्याण सकाळपासून फोन उचलत नव्हता. तो पुण्यात नोकरीला आहे, रात्री अकराला जेवतो आणि तेही बाहेरचं. दैवशालाने आकडा लिहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमचा बीपी पुण्यात राहतो. त्याचा फोन आल्यावर परत मोजू." संध्याकाळी एकशे बत्तीस भरला. तेव्हापासून कल्याणने फोन उचलला नाही की मी तिच्याकडे जाते, आणि ती माझं मोजण्याआधी त्याला फोन लावते. तिचा तो उचलतो.

एकेका घरी जाण्यात बायका सापडायच्या नाहीत. कुणी शेतात, कुणी मार्केटला. म्हणून दैवशालाने एक युक्ती काढली. मंगळवारी गावातल्या झाडून सगळ्या बाया रेणुकामातेच्या दर्शनाला येतात. तिने देवळाजवळच्या खोलीत सतरंजी टाकली, टेबल मांडलं आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिथेच बसायला सुरुवात केली. दर्शन घेऊन बाहेर पडणारी बाई हाताला पट्टा बांधूनच घरी जायची. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या अठ्ठावन्न बाया, एका दिवसात सगळ्या. धावड्याला ती बुधवारी घरोघर जायची. वरच्या ऑफिसात तिच्या या मंगळवारचं कौतुकही झालं होतं.

वर्षभराने आकडे जुळवायला बसल्यावर मात्र ते कौतुक संपलं. धावड्याच्या बायांचा बीपी छान खाली आला होता. पिंपळगावच्या बायांचा जिथल्या तिथे, काहींचा तर वाढलेला. बाई तीच, मशीन तेच, गोळी तीच. दोन्ही गावांत सहा-सात कोसांचंही अंतर नाही.

तपासायला महजबीन मॅडम आल्या. त्या जालन्याच्या, वय तिशीच्या आत, या अभ्यासाच्या पर्यवेक्षक. अतिशय शांत बाई. त्या मंगळवारी खोलीत कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या आणि तासभर नुसत्या पाहत राहिल्या. दैवशाला एका हाताने पट्टा बांधत होती, दुसऱ्याने लिहीत होती आणि त्याच वेळी कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाच्या म्हशीचं दूध, कुणाच्या सुनेचं माहेरपण, सगळं निकालात काढत होती. पट्टा फुगला असताना बायाही तावातावाने उत्तरं देत होत्या.

"दैवशालाताई," मॅडम शेवटी म्हणाल्या, "मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. मोजताना बोलायचं बिलकुल नाही. बोललं की आकडा दहानं वाढतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, मॅडम."

"मग?"

"मंग... बाया बोलतात."

"बाया नाही, ताई. तुम्ही."

आठवड्याने पत्र आलं. पिंपळगावची मोजणी भरवशाची दिसत नाही. दोन महिन्यांत सुधारणा न झाल्यास गाव अभ्यासातून वगळण्यात येईल आणि कार्यकर्तीची नेमणूक पुढे चालू ठेवता येणार नाही. दैवशालाने ते माझ्याकडे आणून दिलं. गावात कुणाला अर्ज लिहायचा असो की आलेला कागद समजून घ्यायचा असो, माझ्या बी.ए.चा एवढाच उपयोग होतो.

"म्हंजे मी खोटे आकडे लिहिते असं म्हणून राह्यले का?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मंग कसं लिहिलंय?"

मी पुन्हा वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं, पण वाचून तसंच वाटत होतं. नोकरी जाईल ही एक गोष्ट झाली. पण धावड्यात तिचं माहेर, पिंपळगावात सासर. दोन्हीकडे तिला आता लोक 'बीपीवाली बाई' म्हणून ओळखतात, रात्री-अपरात्री छातीत दुखलं की आधी तिला हाक मारतात. ती मोजणीच भरवशाची नाही असं एकदा पसरलं, की पुढच्या वेळी पुन्हा कुणीतरी सोडाच कालवणार होतं.

पुढच्या महिन्यात तिने कमाल केली. गप्प बसली. बाई आली की खुर्चीकडे बोट, मग घड्याळाकडे बोट, मग स्वतःच्या ओठांवर बोट. त्या खोलीत शांतता पसरली आणि बायांच्या जिवाचं पाणी झालं.

"दैवशाला, काय झालं गं? कुणी गेलं का?"

ओठांवर बोट.

"माझं वाईट निघालंय का? सांग ना बाई. बोलत का न्हाईस?"

ओठांवर बोट.

तिसरी बाई तर उठून निघूनच गेली आणि गावभर सांगत सुटली की दैवशालाला वरून काहीतरी वाईट कळलंय आणि ती सांगून न्हाई राह्यली. आकडे? एकशे बासष्ट, एकशे अठ्ठावन्न, एकशे सदुसष्ट. जसेच्या तसे. मॅडमना पाठवायचा कागद घेऊन ती देवळाच्या पायरीवर बसली होती. मी पहिल्यांदाच तिला काहीही न बोलता बसलेलं पाहिलं, ड्यूटी नसताना.

उलगडा झाला तो आमच्याच घरात, आणि याची मला अजून लाज वाटते.

रविवार होता. माझ्या सासूबाई नंदाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, भाकरी आणि शेपूची भाजी खाऊन उठल्या, फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. दैवशाला सहज आलेली होती, चौकटीला टेकून उभी होती.

"काकू, किती दिवसांची पट्टी आहे ही?"

"मागच्या महिन्याची. तूच दिल्ती."

"मागच्या महिन्याची? अन् एवढ्या उरल्या? तुम्ही तर म्हणल्या, बराबर घेते म्हणून."

"बराबरच घेते. आज घेतली ना, तुझ्यासमोर?"

"काल घेतली?"

"काल शनवार. मारुतीचा उपवास."

"परवा?"

"शुक्रवार देवीचा."

"गुरुवारी?"

"दत्ताचा. बुधवारी घेतली बघ मी. मंगळवार देवीचा, सोमवार महादेवाचा."

दैवशाला चौकट सोडून पुढे आली. "काकू, तुम्ही आठवड्यात दोनच दिवस गोळी घेता?"

"मंग आठवड्यात दोनच दिवस जेवते मी," आत्या तिच्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाल्या. "बाकीचे दिवस फराळ. तूच सांगितलं ना गं, जेवल्याशिवाय गोळी घ्यायची न्हाई म्हणून? माझ्या हातात पट्टी ठेवून दोन-दोनदा सांगितलं. फराळ म्हंजे काय जेवण असतं का?"

मी ओट्यापाशी भांडी घासत होते ती तशीच थांबले. ही बाई आठवड्याचे पाच दिवस माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खात होती, वर खारे दाणे आणि बटाट्याचे पापड. गोळीची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर फडताळात होती. पुण्यातल्या मुलाने काय खाल्लं ते मला रोज ठाऊक असतं, आणि घरातल्या सासूने गोळी खाल्ली की नाही हे मी वर्षभर बघितलं नव्हतं.

दैवशालाने सांगितलं होतं हे खरंच होतं. सुरुवातीच्या कागदावर गोळीपुढे 'जेवणानंतर' असं छापलेलं होतं. तिने ते मनापासून घेतलं आणि प्रत्येक घरी, आपल्या त्या आवाजात, वाढवून सांगितलं: जेवल्याशिवाय घ्यायची न्हाई, पोट रिकामं असलं तर घ्यायचीच न्हाई. बायांनी तंतोतंत ऐकलं. सोमवार-मंगळवार गोळी नाही, दिवसभर खारे दाणे, आणि त्याच मंगळवारी देवळातून बाहेर पडताना पट्टा. धावड्याचा बुधवार निदान बऱ्याच जणींचा जेवणाचा दिवस होता आणि तिथे देवीचे दोन-दोन वार धरणाऱ्या बायाही कमी.

सोमवारी ती घरोघर फिरली आणि गोळ्या मोजल्या. अठ्ठावन्नपैकी सदतीस घरांत पट्ट्या उरलेल्या. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, राधेश्यामही गाडी लावून आला. ऑफिसला उत्तर लिहायचं होतं.

"लिहा वहिनी," राधेश्याम म्हणाला, "बाया गोळ्या घेत न्हाईत. संपलं. हिचा काय दोष?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तसलंच वाक्य तयार झालं होतं, जरा सौम्य भाषेत. 'उपवासांमुळे काही सहभागी महिलांच्या औषधोपचारात खंड पडत असल्याचे आढळून आले.' मी ते वाचून दाखवलं. राधेश्यामला फार आवडलं.

"न्हाई," दैवशाला म्हणाली. "लिहा, मी सांगितलं म्हणून त्यांनी सोडल्या."

"येडी झाली का? आपल्या हातानं आपली नोकरी घालवतीस?"

"अहो, उद्या मंगळवार. उद्या मला त्या सदतीस बायांना सांगायचंय की उपवासाला गोळी चालते. त्या विचारतील, मंग वर्षभर काय सांगत होतीस? तेव्हा काय म्हणू? ऑफिसच्या कागदात बायांची चूक, अन् बायांसमोर माझी? दोन्हीकडं एकच सांगते. लिहा वहिनी."

मी लिहिलं. तिच्या शब्दांत, सौम्य न करता. रात्रीच तिने फोनवर फोटो काढून पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. सकाळी देवळापाशी महजबीन मॅडम स्वतः उभ्या होत्या, जालन्याहून पहिल्या एसटीने आलेल्या.

त्या दिवशी दैवशालाने मशीन काढलंच नाही. खोलीत बाया जमल्या तशी ती उभी राहिली. "बायांनो, माझ्याकडून चूक झाली. मी तुम्हाला म्हणले जेवल्याशिवाय गोळी घेऊ नका. ते चुकीचं होतं. ही बीपीची गोळी रोज घ्यायची. उपवास असो, नसो."

सगळ्या एकदम बोलल्या.

"वर्षभरानं सांगतीस?"

"अन् आम्हाला म्हणत होती, लोणचं कमी करा!"

"माझ्या सुनेनं मला किती बोललं, म्हणे गोळ्या खाऊन बी बीपी उतरत न्हाई, तुम्ही चोरून पापड खाता!"

"चोरून खातच होतीस की तू," मागून कुणीतरी म्हणालं.

दैवशाला खाली मान घालून सगळं ऐकत होती. तेवढ्यात आमच्या आत्यांनी मुद्द्याचं विचारलं. "गोळीनं उपवास मोडतो का न्हाई, ते आधी सांगा. चूक कुणाची ते मंग बघू."

सगळ्यांचे डोळे शालूकडे वळले. ती देवळाची झाडलोट आणि पूजेचं बघणाऱ्या घरातली सून. तिने पदर सारखा केला. "पाणी पिता ना उपवासाला? चहा तर चार-चारदा पिता. औषधानं देवी कशाला रागावंल?"

"तरी पण उपाशीपोटी..." आत्या अडून बसल्या.

मग महजबीन मॅडम पुढे आल्या. "काकू, मी काल रात्रीच डॉक्टरांना विचारून घेतलं. ही गोळी रिकाम्या पोटीही चालते. शुगरच्या गोळीचं वेगळं आहे, ती ज्यांना चालू आहे त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. आणि आमच्या घरी रमजानमध्ये हाच प्रश्न येतो. रोजात तर पाणीही नाही. माझ्या अम्मीला बीपी आहे. डॉक्टरांना विचारून तिची गोळी सेहरीला लावली, पहाटे, रोजा सुरू व्हायच्या आधी. महिनाभर एकही चुकत नाही."

आत्यांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. "पाणी सुद्धा न्हाई? महिनाभर?"

"दिवसभर नाही."

"मंग तुमची अम्मी माझ्यापेक्षा कडक आहे," आत्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात थोडी हार होती. "ती घेती तर मी बी घेते. पण दैवशाला, पहाटे आंघोळीनंतर, देवपूजेच्या आधी. अन् आठवण तू करायची. हिच्यावर भरवसा न्हाई," हे माझ्याकडे बोट करून.

खारे दाणे मात्र त्यांनी सोडले नाहीत. बिनमिठाचे भाजायचे यावर तहाची बोलणी तीन आठवडे चालली.

दोन महिन्यांनी आत्यांचा आकडा एकशे चौसष्टवरून एकशे अडतीसवर आला. सगळ्यांचा आला असं नाही. चार-पाच बाया अजून देवीला विचारून सांगते म्हणतात, आणि एक-दोघींचा गोळी रोज घेऊनही उतरत नाही. त्यांना भोकरदनला डॉक्टरांकडे पाठवलं. पण पिंपळगाव अभ्यासात राहिलं. दैवशालाच्या नेमणुकीचं काय, ते ऑफिसने लगेच कळवलं नाही. कळवलं ते एवढंच, की पुढच्या बैठकीला जालन्याला यावं आणि तिसाही गावांच्या कार्यकर्त्यांसमोर जे घडलं ते सांगावं.

"म्हंजे आता तीस गावांत बोभाटा," राधेश्याम म्हणाला. तरी त्या दिवशी त्याने स्वतःच्या फेऱ्या सोडून आम्हा दोघींना भोकरदनच्या स्टँडवर आणून सोडलं. मी सोबत गेले, कारण एवढ्या लोकांसमोर ती कधी बोललेली नव्हती.

सभागृहात ती उभी राहिली. कागद नव्हता. सासऱ्यांच्या सोड्यापासून सुरू केलं आणि सदतीस पट्ट्यांपर्यंत आली. "मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं," एवढं म्हणून खाली बसली. कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, संपलं.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. जाफराबाद तालुक्यातली, दीपमाला नावाची, नवीनच लागलेली. "सर, मी बी तेच सांगत आल्ते. जेवल्यावरच म्हणून." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी." मग खिडकीजवळची. अभ्यासाचे मोठे सर पुढे वाकून मोजायला लागले आणि अकरावर थांबले. महजबीन मॅडमनी तिथल्या तिथे फॉर्ममध्ये दोन नवे प्रश्न लिहिले: आज उपवास आहे का, आणि उपवासाला गोळी घेतली का. दैवशालाची नेमणूक वर्षभराने वाढवल्याचं त्यांनी बैठक संपल्यावर दारात, चप्पल घालता घालता सांगितलं. दैवशाला नुसतं "बरं" म्हणाली.

एसटी स्टँडवर दीपमाला धावत आली. डोळे लाल. "ताई, मला उद्या गावात सांगायचंय. बाया काय म्हणतील? तुम्ही कसं सांगितलं?"

दैवशालाने तिला बाकड्यावर जागा करून दिली. "उभं राह्यचं अन् सांगायचं. त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं, मधी बोलायचं न्हाई. त्यांचं बोलून झालं की मंग प्रत्येकीच्या घरी जायचं, पट्टी मागायची अन् गोळ्या मोजायच्या."

"अन् कुणी दारातच उभं केलं न्हाई तर?"

"मंग दुसऱ्या दिवशी जायचं," दैवशाला म्हणाली आणि बॅगेतून आपला फोन काढला. "तुझा नंबर दे. बुधवारी मी धावड्याला असते, तिथून मोकळी झाले की तुझ्याकडं येते."